संगीत दिग्दर्शकाचा पेशा आणि चितळकर अण्णांचे उदाहरण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पौड येथे दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, काटकसर, विवाहातील खर्च, व्यसनमुक्ती अशा विषयांवर व्याख्याने होत असतात. यंदा चिटणीसांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली, आणि आम्ही सिनेमातील संगीत दिग्दर्शकाचा पेशा हा विषय कळविला. तो ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडल्याचे आमच्या कानी आले आहे. ज्ञातीच्या संमेलनात नाचगाण्याची चर्चा कशास, असे त्यांस वाटले असल्यास त्यात नवल नाही. तेव्हा प्रथम कारण सांगतो.

आपल्या मुळशी तालुक्याचे रूप गेल्या तीस वर्षांत पार पालटले. हिंजवडीस संगणकाच्या कंपन्या आल्या, पिरंगुटच्या परिसरात कारखाने उभे राहिले, भूगावापासून रस्त्याच्या दोन्ही अंगांस इमारती चढल्या. भाताच्या खाचरांना वाडवडिलांनी स्वप्नातही पाहिला नसेल असा भाव आला. ज्यांनी जमीन विकली त्यांच्या घरी पैसा आला आणि पैशामागोमाग प्रश्नही आले. गेल्या वर्षभरात अशी तीन-चार कुटुंबे आमच्याकडे सल्ल्यास आली. एका गृहस्थांनी विचारले, "गुरुजी, पोरगा म्हणतो घरातच स्टुडिओ घालून द्या, मी गाणी तयार करतो, मोठमोठ्या गायकांना चाली देतो. आठ-दहा लाखांचे काम आहे. द्यावेत का?" दुसऱ्या एका माउलीने विचारले ते याहून थोडक्यात. "पोराचा हात पेटीवर चांगला चालतो, गुरुजी. पण ह्यात भाकर आहे का?"

ज्या तालुक्याने १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी सत्याग्रह केला, त्या तालुक्यात जमिनीच्या पैशाचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आणि मुलाच्या अंगच्या गुणाचा प्रश्न तर त्याहूनही नाही. 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर देण्यापेक्षा हा पेशा ज्याने आपल्यातूनच जाऊन गाजविला, त्या एका मराठी माणसाचे आयुष्य आपणांपुढे मांडावे असे आम्हांस वाटले.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आजची मुले 'म्युझिक प्रोड्यूसर' असा शब्द वापरतात. पूर्वी प्रोड्यूसर म्हणजे चित्रपटात पैसा घालणारा निर्माता. आताचा हा प्रोड्यूसर चाल कोणत्या वाद्यांतून, कोणत्या ठेक्यावर, कशा नादात श्रोत्यांपर्यंत जाईल हे ठरवितो आणि ते संगणकावर बांधून देतो. जुन्या काळी याच कामास 'अरेंजर' म्हणत. संगीत दिग्दर्शक चाल बांधी, अरेंजर तिला वाद्यांचा साज चढवी, गायक ती गाई आणि लोक गायकाचे नाव घेत. आज ज्यांना पॉप गायक म्हणतात, त्यांच्या पाठीमागेही हीच मंडळी असतात. पडद्यावर दिसतो तो एक. त्याला उभा करणारे दहा.

आता ज्यांचे चरित्र सांगावयाचे ते रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र. स्नेही त्यांस अण्णा म्हणत. जन्म १२ जानेवारी १९१८, गाव पुणतांबे, चांगदेवांच्या समाधीचे, गोदाकाठचे. जिल्हा त्या वेळचा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात त्यांनी गाण्याची तालीम घेतली. विनायकबुवा म्हणजे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. त्यांची शिस्त पुण्यातील जुन्या मंडळींस ठाऊक आहे. पुढे ज्या माणसाच्या चालींवर सारा हिंदुस्थान शिट्ट्या वाजवीत नाचला, त्याच्या गळ्यावर पहिला हात फिरला तो अशा गुरूचा. पेटी उत्तम वाजविणाऱ्या आमच्या त्या मुलाने हे एवढे लक्षात ठेवावे.

चित्रपटात ते प्रथम आले नट म्हणून. 'नागानंद' नावाच्या चित्रपटात नायकाची भूमिकाही मिळाली. परंतु नट म्हणून बस्तान बसले नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ कामे केली, आणि तेथेच बुंदू खाँ, हबीब खाँ या संगीतकारांच्या हाताखाली पेटी वाजविण्याचे काम पत्करले. नायकाच्या खुर्चीवरून उठून पेटीमागे बसणे सोपे नव्हे. पण खरी शाळा तीच ठरली. चाल कशी सुचते, कशी मोडते, निर्मात्याच्या नापसंतीनंतर पुन्हा कशी बांधतात, गायकाचा स्वर चढेना तर काय करतात, हे सारे पेटीवाल्यास रोज फुकट पाहावयास मिळते. स्वतंत्र दिग्दर्शनाची पहिली कामे मिळाली ती तमिळ चित्रपटांत, 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' या बोलपटांत. मराठी मुलास पहिले काम मद्रासच्या भाषेत मिळावे, हा या धंद्याचा न्याय आहे. येथे घरचा-दारचा असा भेद चालत नाही. हिंदीत नाव झाले ते १९४२ च्या 'सुखी जीवन'पासून. त्याचे दिग्दर्शक मास्टर भगवान, म्हणजे भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा.

नावाची गंमत अशी की, या एकाच माणसाने राम चितळकर, अण्णासाहेब, श्यामू अशा निरनिराळ्या नावांनी संगीत दिले, आणि स्वतः गायले तेव्हा केवळ 'चितळकर' एवढेच नाव लावले. आज मुलगा पहिले गाणे होण्याआधीच नावाचा फलक रंगवितो, तेव्हा आम्हांस या चार नावांची आठवण होते.

१९४७ सालच्या 'शहनाई'मध्ये त्यांनी शिट्टी, गिटार आणि सॅक्सोफोन यांचा असा मेळ घातला की, तो कानास नवा होता. १९४९ सालच्या 'पतंगा'मध्ये शमशाद बेगम यांच्याबरोबर रंगूनच्या टेलिफोनचे गाणे स्वतः गायले. ते आपल्या आजोबांच्या पिढीने चाळीतल्या फोनोवर झिजेपर्यंत ऐकले. आणि १९५१ साली आला भगवानदादांचा 'अलबेला'. पडद्यावर नाचणारे भगवान, गळा चितळकर अण्णांचा, जोडीस लताबाई. त्याच चित्रपटात एका बाजूस पायास थारा न देणारे नाच, तर दुसऱ्या बाजूस आजही घराघरांत गुणगुणली जाणारी अंगाई. दोन्ही एकाच हाताची! थिल्लर गाणी करणारा म्हणून ज्यांनी त्यांच्यावर टीका केली, त्यांनी ती अंगाई ऐकली नसावी.

हा नवा साज त्यांना मिळाला कोठून, हे सांगितल्याविना चरित्र पुरे होणार नाही. तो मिळाला गोमंतकीय ख्रिस्ती वादकांकडून. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांस पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. गरीब घरातील मुले अशा रीतीने वाद्यांत तयार होत आणि पोटासाठी मुंबईस येत. कोणी हॉटेलांत जाझ वाजवी, कोणी चित्रपटाच्या वाद्यवृंदात बसे. त्यांतले एक आल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ. ते ट्रम्पेट वाजवीत, ताजमहाल हॉटेलात त्यांचा ताफा गाजे, आणि लोक त्यांस 'चिक चॉकलेट' म्हणत. ते अण्णांचे सहायक होते. 'अलबेला'त ते आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. अण्णांस रागदारी येत होती, पण ट्रम्पेटच्या चार सुरांत काय धमाल दडली आहे ते वाझांस ठाऊक होते. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयाचा विद्यार्थी आणि गोव्याच्या चर्चमधून आलेला वादक एका खोलीत बसले, आणि त्यातून जे निघाले ते दोघांपैकी एकट्यास साधले नसते. १९५७ च्या 'आशा' चित्रपटातील 'ईना मीना डीका' या किशोरकुमारांच्या गाण्यातील निरर्थक वाटणाऱ्या शब्दांतही दुसऱ्या एका गोमंतकीय सहायकाने कोंकणीची फोडणी घातली, असे सांगतात. रॉक नावाच्या विलायती ठेक्याची आपल्याकडील सुरुवात पुष्कळ जण या गाण्यापासून मानतात.

ज्ञातीच्या सभेत आम्ही हे मुद्दाम बोलत आहो. ज्ञातिमंडळ हे आपले घर आहे आणि घराविषयी आम्हांस अभिमान आहे. पण हा पेशा घराच्या चार भिंतींत होत नाही. मुसलमान उस्ताद, गोव्याचा ट्रम्पेटवाला, पंजाबी निर्माता, मराठी गायिका, उत्तरेकडचा गीतकार असे सारे एका पंक्तीस बसतात तेव्हा एक गाणे होते. मुलास या वाटेने पाठवावयाचे तर त्या पंक्तीची सवय त्यास लहानपणापासून असावी.

त्या काळी गाणे ध्वनिमुद्रित कसे होई, तेही थोडे सांगतो. कारण आजच्या मुलांस ते खरे वाटत नाही. चाल पक्की झाली की अरेंजर प्रत्येक वाद्यासाठी स्वरलेखन करून कागद वाटी. पुष्कळ दिवस तालीम चाले. मग एका रात्री, बाहेरचा गोंगाट थांबल्यावर, सारे वादक आणि गायक एकाच दालनात उभे राहून गाणे प्रारंभापासून अखेरपर्यंत एका दमात वाजवीत. तीस-चाळीस माणसांपैकी एकाची जरी चूक झाली तरी पुन्हा पहिल्यापासून! चूक पुसण्याची सोय नव्हती. आज मुलगा एकटा खोलीत बसून तबल्याचा एक बोल चुकला तर तेवढाच बदलतो, गळा बेसूर झाला तर यंत्राने सुरात आणतो. यंत्रास आम्ही नावे ठेवीत नाही. तथापि, चाळीस माणसांस एका श्वासात बांधण्याची ताकद ज्या तालमीतून येई, ती तालीम आता स्वतःहून शोधावी लागते. ती यंत्राबरोबर खोक्यातून येत नाही.

अण्णांचा हात केवळ उडत्या ठेक्याचा नव्हता. १९५३ च्या 'अनारकली'तील त्यांची लताबाईंनी गायलेली गीते आज सत्तर वर्षांनीही शिळी झालेली नाहीत. १९५५ च्या 'आजाद'ची कथा तर धंद्यातील लोक अद्याप सांगतात. मद्रासकडील निर्मात्यास सारी गाणी महिनाभरात हवी होती. नौशादांनी एवढ्या घाईने काम करण्यास नकार दिला, आणि अण्णांनी ते करून दाखविले. त्यातच बागेश्री रागातील एक गाणे असे आहे की, घाईत केलेले आहे असे सांगूनही कोणास पटू नये. भरलेल्या विहिरीतून पाणी भराभर शेंदता येते, कोरड्या विहिरीतून नव्हे. १९५९ च्या 'नवरंग'मध्ये व्ही. शांताराम यांच्यासाठी त्यांनी दिलेले संगीत तर आपणांपैकी बहुतेकांस पाठ आहे.

पुढे १९६२ चे चिनी आक्रमण झाले. कवी प्रदीप यांनी शब्द लिहिले, अण्णांनी चाल दिली, आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंच्या समोर लताबाईंनी 'ऐ मेरे वतन के लोगों' गायले. प्रत्येक प्रजासत्ताकदिनी आपल्या शाळांतून ते वाजते. आम्ही वर्गात मुलांस पुष्कळदा विचारीत असू की हे गाणे कोणाचे. सारी मुले लताबाईंचे नाव घेत. एखादा प्रदीपांचे सांगे. चाल कोणाची, हे सांगणारा विद्यार्थी आम्हांस क्वचितच भेटला.

आता दुसरी बाजू. यश हाती असतानाच, १९५३ च्या सुमारास, अण्णांनी 'न्यू साई प्रॉडक्शन्स' ही स्वतःची चित्रसंस्था काढली आणि 'झांझर', 'लहरें', 'दुनिया गोल है' हे चित्रपट निर्माण केले. उत्तम चाल बांधणारा माणूस उत्तम व्यापारी असतोच असे नाही. ज्यांच्या जोरावर आज त्यांचे नाव उरले आहे, ते 'अलबेला', 'अनारकली', 'आजाद', 'नवरंग' हे चित्रपट सारे इतरांच्या संस्थांचे होत, हे पुरेसे बोलके आहे. त्यांच्या मित्राचे, भगवानदादांचे, तर याहून बिकट झाले. 'अलबेला'च्या यशावर बंगला आणि दारात मोटारी आल्या; पुढच्या चित्रपटांनी त्या साऱ्या नेल्या, आणि २००२ साली हा माणूस वारला तो दादरच्या चाळीतील खोलीत. आठ-दहा लाखांचा प्रश्न घेऊन आलेल्या आमच्या त्या गृहस्थांस ही हकीकत आम्ही सांगितली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

साठीच्या दशकात अण्णांकडील काम ओसरले. ज्या आवाजासाठी त्यांनी आपल्या उत्तम चाली बांधल्या, त्या लताबाईंबरोबरचे कामही कमी झाले होते. लोकांची आवड पालटत होती. नवे संगीतकार, नवे ठेके आले होते. त्यांनी मराठीत 'धनंजय' आणि 'घरकुल' हे चित्रपट काढले. ग. दि. माडगूळकरांच्या 'गीतगोपाल'ला चाली दिल्या. 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहिले. त्यातला मोकळेपणा काहींस आवडला, काहींस नाही. ५ जानेवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. शंभराच्या घरात चित्रपटांना त्यांनी संगीत दिले होते.

एवढ्या गाण्यांचे पैसे कोणास मिळत राहिले, हा प्रश्न माउलीच्या भाकरीच्या प्रश्नाशी थेट बांधलेला आहे. जुनी रीत अशी की, संगीत दिग्दर्शकास निर्माता एकदा ठरलेली रक्कम देई आणि गाण्याची मालकी निर्मात्याकडे, त्याच्याकडून ध्वनिमुद्रिका कंपनीकडे जाई. गाणे पन्नास वर्षे वाजले तरी चाल बांधणाऱ्याच्या घरी दमडी येईलच असे नसे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानेही असाच निर्णय दिला की, निर्मात्याने पैसे देऊन करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. 'ऐ मेरे वतन के लोगों'च्या मानधनाचा प्रश्नही २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि युद्धात पती गमावलेल्या भगिनींसाठी दहा लाख रुपये भरण्यास न्यायालयाने कंपनीस सांगितले. हे सारे बदलले ते २०१२ मध्ये. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत पुष्कळ खटपट केली, आणि स्वामित्वहक्काच्या कायद्यात अशी दुरुस्ती झाली की, गीतकार व संगीतकार यांना गाण्याच्या उत्पन्नात समान वाटा असावा, आणि चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज इतर ठिकाणी गाणे वाजल्यास तो वाटा त्यांनी सहीने सोडून दिला तरी सुटू नये. सातबारा वाचता येणाऱ्या आपल्या लोकांस या कायद्याचे मर्म समजावण्याची गरज नाही. चाल हीदेखील एक जमीनच आहे. मात्र तिचा उतारा काढून घ्यावा लागतो.

कोणी म्हणेल, गुरुजी जुन्या काळात रमले. तर आजचे उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यातले आहे. अजय आणि अतुल गोगावले हे बंधू. वडील सरकारी नोकरीत, बदल्यांमुळे बालपण जिल्ह्यातील निरनिराळ्या गावांत गेले. रीतसर संगीतशिक्षण त्यांना मिळालेले नाही. येथे आमच्या विनायकबुवांच्या मुद्द्यास धक्का बसतो, हे आम्ही जाणतो. परंतु त्यांचे कान भरले ते भजनाने, गोंधळाने, लग्नातील बँडने आणि ढोलताशाने, आणि तीही शाळाच होती. 'जोगवा'च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१६ च्या 'सैराट'साठी त्यांनी अमेरिकेत लॉस एंजलिस येथे पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केले. आपल्या मुळशीच्या पोरांनी नाचताना ज्या तंतुवाद्यांवर ताल धरला, ती वाजविणारे तिकडचे होते. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी अण्णांनी गोव्याच्या वादकांस घेऊन जे केले, त्याचेच हे पुढचे पाऊल होय.

मग त्या गृहस्थांस आम्ही काय सांगितले? पहिल्या वर्षी स्टुडिओ नको, असे सांगितले. एक बरा संगणक, एक पेटी आणि पुण्यात गुरू, एवढे द्या. भजनी मंडळात आणि ढोलपथकात मुलगा बसतो ते बसू द्या. दुसऱ्याच्या हाताखाली दोन वर्षे काम करू द्या, पगार नाममात्र मिळाला तरी चालेल. जमिनीच्या पैशास मात्र, तो दुसऱ्यांकडून ठरलेले काम स्वतः आणू लागेपर्यंत, हात लावू नका. मुलगा समोरच बसला होता. त्यास ही गोष्ट फारशी रुचली नाही. पण गेल्या दिवाळीपासून तो पुण्यातील एका ध्वनिमुद्रण केंद्रात सहायक म्हणून जातो, असे वडिलांनी कळविले आहे. पेटीवाल्या मुलाच्या आईला आम्ही उत्तर दिले नाही; तो अद्याप दहावीत आहे, आणि पुढच्या संमेलनात तो आपणांपुढे पेटी वाजविणार आहे. ती ऐकून आपणच ठरवावे.

अखेरीस एक व्यवहाराची विनंती. ज्यांची मुले गाणी करून कंपन्यांस वा वाहिन्यांस देतात, त्यांनी सही करण्यापूर्वी कराराचा कागद मंडळाच्या कार्यालयात दाखवावा. आपल्यातील दोन वकील बंधूंनी महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ते कागद विनामूल्य वाचून देण्याचे मान्य केले आहे. इंग्रजी कागद आणताना मुलास बरोबर आणावे, म्हणजे काय लिहिले आहे ते त्यासही त्याच वेळी समजेल.